पाइनखालची तेंते

म्वेन्याच्या आईची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझा नवरा रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून लागला, तेव्हा आम्ही या गावात राहायला आलो. तिसऱ्या दिवशी मी ओढ्यावर पाणी भरत होते. शेजारी एक जाडजूड बाई वाकून तोंड धूत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "कुठल्या कुळातली गं तू?"

"पावसाच्या."

ती सरळ उभी राहिली, माझा भरलेला डबा उचलून तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि चालू पडली.

"अगं ए! माझं पाणी!"

"तुझं कसलं? पाऊस तुमच्या बापाचा ना? मग दुसरं पाड की!"

ओढ्यावरच्या सगळ्या बाया खो खो हसल्या. ती अळंबीच्या कुळातली आहे हे मला तेव्हा कळलं, आणि मग माझंही तोंड सुटलं. तिच्या घरापर्यंत मी तिच्या मागे शिव्या देत गेले. घरी तिनं मला बसवून भाजलेले शेंगदाणे दिले, पाणी मात्र दिलं नाही.

आमच्याकडे हे असंच असतं. पावसाचं कूळ आणि अळंबीचं कूळ एकमेकांचे मुनुंग्वे. मुनुंग्वे म्हणजे थट्टेचे सोयरे. एकानं दुसऱ्याला काहीही बोलावं, हातातली वस्तू हिसकावून न्यावी, ताटातला घास पळवावा. रागवायची सोय नाही. रागावला तो गाढव. ती म्हणायची, "तुम्ही नुसते गडगडता, पोट आम्ही भरतो." मी म्हणायचे, "आम्ही चार दिवस रुसलो तर तुमचं खानदान जमिनीतून वर यायचं नाही. सकाळी उगवता, संध्याकाळी किडे पडतात, आणि म्हणे पोट भरतो." चौतीस वर्षं हे चाललं. नवऱ्याशीसुद्धा मी आयुष्यात इतकं बोलले नसेन.

या नात्याची दुसरी बाजूही आहे. मयत झालं की खड्डा मुनुंग्वेंनी खणायचा आणि घरच्यांना हसवायचंही त्यांनीच; त्याबद्दल घरच्यांनी त्यांना कोंबडी द्यायची. माझी आई गेली तेव्हा मी दोन दिवस तोंडात पाणी घेतलं नव्हतं. आईला उतरवायच्या वेळी ही बया स्वतःच खड्ड्यात जाऊन आडवी झाली आणि म्हणाली, "म्हातारीला दुसरीकडे न्या. इथं गार वाटतंय, मी झोपते. एकदाचा पाऊस थांबला, आता माझे कपडे तरी वाळतील." कोंबडी मिळेपर्यंत ती उठली नाही. आधी मला हसू आलं आणि मग दोन दिवसांचं रडू त्या हसण्यातून बाहेर पडलं. त्या दिवशी मी वाचले ती तिच्यामुळे.

आमचं दोघींचं पोट अळंब्यांवर. पावसाळ्याचे चार महिने आम्ही पहाटे रानात जायचो आणि नऊच्या सुमाराला मोठ्या रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बसायचो. राजधानीकडून बस येतात, दार-ए-सलामचे ट्रक जातात, जवळच्या म्पिका शहरातल्या कचेऱ्यांतले साहेब गाड्या थांबवतात. वारुळावरची इचिकोलोवा असते, छत्रीएवढी. एक घेतली की घरभर पुरते. पण शहरातली माणसं वेडी होतात ती तेंतेसाठी. पांढरी असते, डोक्यावर मध्यभागी चहासारखा डाग, कडेला बारीक रेघा. जमिनीतून नुकती वर येत असते तेव्हा ती अगदी अंड्यासारखी दिसते, आणि तिची चव त्याच वेळी खरी. चिरून, शेंगदाण्याचा कूट घालून शिजवावी आणि गरम उबवालीच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीच्या, घासाबरोबर खावी. मांस कशाला हवं? तेंतेच्या पैशावर म्वेन्याच्या आईनं घरावर पत्रे घातले आणि म्वेन्याला नर्सरीच्या शिक्षिकेचं शिक्षण दिलं. पोरगी आता कित्वे शहरात असते. माझ्याही दोन पोरांच्या फिया तेंतेनंच भरल्या.

अळंब्यांतलं तिला जेवढं कळायचं तेवढं या रस्त्यावर कुणालाच कळत नव्हतं. हे मी ती जिवंत असताना एकदाही कबूल केलं नाही. कुठल्या झाडाखाली कुठली उगवते, कुठली आधी उकळून पाणी फेकायची, कुठल्या अळंबीवर दारू चालत नाही, सगळं तिला पाठ. तिचा एकच नियम होता, आणि तो आम्हा सगळ्यांचाच आहे: जिला नाव नाही ती खायची नाही. आजीनं आईला, आईनं मुलीला जिचं नाव सांगितलं तीच टोपलीत टाकायची. बाकीच्या कितीही सुंदर दिसोत.

तेंतेचा संसार झाडाच्या मुळांशी असतो. डोंगरावरचं मुतोंदो आणि मुसुकूचं रान कोळसेवाल्यांनी पाच-सहा वर्षांत साफ केलं. झाडं गेली तशी तेंतेही गेली. मग आम्ही लांब जाऊ लागलो. आधी एक तास, मग दोन तास. पलीकडच्या टेकडीवर थोडं रान उरलंय, तिथपर्यंत. म्वेन्याच्या आईचा गुडघा दुखायचा. ती लंगडत यायची, पण यायची.

आणि तिचे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण मला कळलं. मीठ समजून ती साबणाच्या डब्यात बोटं घालत होती. मी टाळ्या पिटत म्हटलं, "आंधळी झाली गं अळंबी!"

"डोळे कशाला लागतात? मी बोटांनी बघते," ती म्हणाली. "तुझं थोबाड मात्र बघावं लागत नाही, तेवढं बरं झालं."

खरंच, बोटांनीच बघायची ती. टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं की रेघा लागायच्या, की तेंते. मी रस्त्यावर सगळ्यांना ओरडून सांगायचे, "हिला दिसत नाही हो! हिच्याकडनं घेऊ नका!" बाया हसायच्या. तीही हसायची. मी खरं बोलतेय असं कुणाला वाटायचंच नाही. मलाही त्याची गंमत वाटायची. कित्वेला जाऊन डोळे दाखव म्हणून तिला नीट, बसून सांगावं असं माझ्या मनात दोन-तीनदा आलं. पण तिच्याशी नीट कसं बोलतात ते मला येतच नव्हतं. तोंड उघडलं की शिवीच निघायची.

ओढ्याच्या पलीकडे जंगलखात्यानं पाइनची झाडं लावली आहेत. सरळ रांगा, खाली गवताची काडी नाही, पक्षी नाही. ती झाडं आमची नाहीत, कुठून तरी आणलेली. त्यांच्याखाली पावसात पांढऱ्या अळंब्या येतात. त्यांना आमच्यात नाव नाही. पूर्ण उघडलेल्या मी पाहिल्या आहेत. डोक्यावर हिरवट झाक असते, कड गुळगुळीत. आम्ही त्यांच्याकडे कधी वळून बघितलं नाही.

त्या दिवशी चार दिवसांच्या झडीनंतर उघडलं होतं. तिच्या गुडघ्यानं मान टाकली म्हणून ती माझ्याबरोबर आली नाही. मी एकटीच टेकडीपर्यंत गेले आणि दोन तास वाकून अर्धी टोपली घेऊन आले. रस्त्यावर येते तो ही बाई माझ्याआधी येऊन बसलेली, आणि पुढ्यात काठोकाठ भरलेली टोपली. सगळी अंडी. एकसारखी, पांढरीशुभ्र.

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू?

"कुठून गं मारलीस एवढी?" मी विचारलं.

"तुला सांगू? पाऊस चहाडखोर. साऱ्या गावावर बोंबलत पडतो."

मी खाली बसले. टोपलीच्या विणीत पाइनची सुईसारखी पानं अडकली होती. मी एक अंडं उचललं आणि नखानं उभं फोडलं. तेंतेचं अंडं फोडलं की आतल्या टोपीवर तपकिरी रंग दिसतो, तान्ह्या पोराच्या टाळूवरच्या जावळासारखा. या अंड्यात तो नव्हता. आत फिकट होतं, जरासं हिरवट. अंड्याला रेघा नसतात, तिच्या बोटांना काय कळणार? आणि रंग बघायला तिला डोळे कुठे होते?

"ही पाइनखालची आहेत," मी म्हटलं.

"हो, आणि तू राणी आहेस."

"अगं, तेंते नाही ही. आत बघ. टाकून दे. मरशील."

"आलं का पोटात दुखायला? अर्धी टोपली आणलीस ना? जळ!"

शेजारी बसलेल्या मधवाल्या बाईनं म्हटलं, "घ्या, लागल्या दोघी!" आणि ती हसत आमच्याकडे तोंड करून बसली, कारण आमचं ऐकायला लोकांना आवडायचं.

तेवढ्यात बस आली. खिडक्यांतून माणसं वाकली. म्वेन्याची आई ताटली उंच धरून "तेंते! तेंते!" ओरडत होती. मी माझी ताटली तिच्या पुढे घुसवली आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "तिची घेऊ नका! पाइनखालची आहेत! खाल तर पोरंबाळं पुराल! माझी घ्या, रानातली आहेत!"

एक चष्मेवाला मास्तर म्हणाला, "खरंच का हो?"

"खोटं बोलून मला काय मिळणार?"

त्याला माझं पटलं. त्याच्यामागे सगळ्या खिडक्यांना पटलं. माझी अर्धी टोपली पाच मिनिटांत संपली. पुढे दोन गाड्या थांबल्या, त्यांनाही मी तेच सांगितलं आणि तेही काही न घेता गेले. परक्या माणसांना माझं बोलणं खरं वाटलं. खरं वाटलं नाही ते फक्त जिच्यासाठी बोलायला हवं होतं तिला.

दुपारी ती भरलेली टोपली डोक्यावर घेऊन उठली. "सगळं गिऱ्हाईक पळवलंस ना? बरं. संध्याकाळी मीच खाणार. मुद्दाम खाणार. उद्या येऊन तुझ्या दारात नाचणार."

"खा खा. उद्या तुझं मयत. मी येऊन कोंबडी मागते."

"लठ्ठातली लठ्ठ माग!"

हे आमचं बोलणं. याच शब्दांत.

आता मला कुणी विचारलं नाही तरी मी रोज स्वतःला विचारते. टोपली का हिसकावली नाहीस? चौतीस वर्षांत मी तिची कोंबडी नेली, ब्लँकेट नेलं, तिच्या तोंडाशी गेलेला घास काढून खाल्ला. ती टोपली ओढून गटारात उपडी केली असती तर रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा भुंकलं नसतं, उलट लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मला हक्क होता. मी स्वतःला सांगते की माझी खात्री नव्हती. ते खरं नाही. खात्री होती. पण पदरात नोटा होत्या, आज मी जिंकले होते, आणि ती चरफडत घरी जातेय हे बघायला मला मजा येत होती. तिला मेलेली बघायचं नव्हतं मला. तिला हरलेली बघायचं होतं. आणि मनात कुठेतरी असंही होतं की घरी जाऊन, चिरताना, वासानं तिला आपोआप कळेल. तिला सगळं कळतं. ती अळंबीची राणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या शेजारची बाई येऊन सांगून गेली की म्वेन्याची आई पहाटेपासून ओकतेय. मी धावत गेले. ती चटईवर पडली होती, तोंडाला कोरड पडलेली. मला बघून म्हणाली, "आला वाटतं पाऊस. कोंबडी बघायला."

"दवाखान्यात चल. सायकल बोलावते."

"तुझ्या सायकलीवर? म्हणजे वाटेत पाडशील."

"म्वेन्याच्या आई, अगं मी खरं सांगतेय."

"तू?" ती म्हणाली, आणि हसली. हसताना पोटात कळ आली म्हणून तिनं गुडघे छातीशी घेतले.

मी उरलेलं कालवण मातीत पुरलं. जवळजवळ सगळं भांडं तिनं संपवलं होतं. एकटी बाई, मुद्दाम खाणार म्हणाली होती, तसंच केलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी गेले तर ती उठून बसलेली. पेज प्यायली होती. ओकारी थांबली होती. माझा इतका जीव भांड्यात पडला की मी दारातच बसले. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि तिनं खांदे हलवून दोन पावलं नाचून दाखवली. "बघ! मेले का? बोलले होते ना दारात येऊन नाचेन? माझ्याच दारात नाचले, गुडघ्याला माफ कर."

"लाज नाही या अळंबीला," मी म्हटलं. "मरायचंसुद्धा धड जमत नाही."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या दिवशी मी दवाखान्याचं नाव काढलं नाही. कशाला काढू? बरी होती ना ती! हे विष असंच फसवतं, मध्ये एक दिवस मोकळं सोडतं, असं मला नंतर नर्सनं सांगितलं. तेव्हा मला माहीत नव्हतं. नाव नसलेल्या अळंबीचं वागणं कुणाला माहीत असणार?

चौथ्या दिवशी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. आता तिनं नाही म्हटलं नाही. दवाखान्यातल्या नर्सनं पापणी वर करून पाहिली आणि काय खाल्लं ते विचारलं. ती म्हणाली, "तेंते. दुसरं काय खाणार?" नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. नर्स अळंबीच्या कुळातली नव्हती, तिला खरं वाटलं. तिनं लगेच सिमेंटचा एक ट्रक थांबवला आणि म्पिकाच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून दिली.

ट्रकच्या मागे रिकाम्या पोत्यांवर मी बसले होते आणि तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.  अर्ध्या वाटेत डोळे मिटूनच तिनं हाक मारली, "लोम्बेच्या आई." चौतीस वर्षांत तिनं मला इतक्या सरळ नावानं कधी हाक मारली नव्हती.

"काय गं?"

"त्या दिवशी रस्त्यावर तू खरं सांगत होतीस का?"

तिच्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. मला एवढंच करायचं होतं: हो म्हणायचं. म्हणायचं की हो, मला ठाऊक होतं, आणि मी तुझी टोपली ओढली नाही, मला माफ कर. तिनं शिवी दिली असती किंवा हात धरला असता. जे काही केलं असतं ते माझं झालं असतं.

मी म्हटलं, "छे गं. थट्टाच होती."

"वाटलंच मला," ती म्हणाली.

तिला बरं वाटावं म्हणून मी तसं बोलले असं मी सांगू शकते. पण मी घाबरले होते. बास. इस्पितळाच्या फाटकापर्यंत पोहोचायच्या आधी तिची शुद्ध गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

म्वेन्या कित्वेहून बसनं आली. बारीक, उंच पोरगी, आईसारखी अजिबात दिसत नाही. अंगणात येताच ती खाली कोसळली आणि मग जी गप्प झाली ती झालीच. बाया घरात मयताभोवती बसून रडत होत्या. ती मात्र भिंतीकडे बघत राहिली. तीन दिवस ती ना रडली ना जेवली. मी तिला पाण्याचा पेला दिला तर तो तिनं नुसता हातात धरून ठेवला.

लोकांना कारण कळलं होतं. गावभर कुजबुज होती की अळंबीला अळंबीनंच खाल्लं. एवढी जाणती बाई, चुकली कशी? कुणी म्हणे कुणाची नजर लागली. मी बायांना एकेकीला गाठून सांगितलं की पाइनखालच्या अळंबीला हात लावू नका, आणि त्यांनी ऐकलं. आता तिकडे कुणी फिरकत नाही.

खड्डा पावसाच्या कुळातल्या पुरुषांनी खणला. पेटी घेऊन सगळे टेकडीखालच्या स्मशानात आले. आता पुढचं काम माझं होतं. मी वाट अडवायची, तिची निंदानालस्ती करायची, घरच्यांना हसवायचं, कोंबडी मागायची, आणि मगच पेटी खाली जाणार. मी न बोलता उभी राहिले. पेटी खांद्यावर घेतलेले पुरुष अवघडले. मागून कुणी तरी म्हणालं, "आज पाऊस कोरडा का?" मुनुंग्वे गप्प राहिला तर मयताला जड जातं, आणि लोक म्हणतात की याच्या मनात खरंच काही काळंबेरं असेल.

म्वेन्याच्या आईचे मामा, म्हातारे बा कापासा, काठी टेकत माझ्यापाशी आले. "बाई, पोरगी तीन दिवस रडलेली नाही. तूच काही तरी कर. आम्हाला जमत नाही ते तुमचं काम."

मी म्वेन्याकडे पाहिलं. तिचे ओठ वाळून फुटले होते. माझ्या डोक्यात थट्टेचा एकही शब्द येईना. आत एकच गोष्ट होती, ट्रकमध्ये न बोललेली. ती मी बोलले.

"हिला मी मारलंय!"

कुणी तरी फिसकन हसलं.

"खरं सांगते! मला ठाऊक होतं! टोपलीत पाइनखालच्या अळंब्या होत्या, आणि मला दिसलं, आणि मी तिला जाऊ दिलं!"

"अरे वा!" मधवाली बाई ओरडली. "पाऊस पडला एकदाचा!"

"तिची गिऱ्हाइकं मी पळवली! तिच्या टोपलीतलं एक अंडं मी विकू दिलं नाही! म्हणून तिनं सगळी खाल्ली! मी म्हटलं खा, उद्या येऊन कोंबडी मागते!"

आता सगळे हसायला लागले. पेटी धरलेल्या पुरुषांचे खांदे हलत होते. जितकं मी खरं सांगत गेले तितकं हसू वाढत गेलं. ट्रकमधली गोष्टही मी सांगितली. ती काय विचारत होती आणि मी काय खोटं बोलले तेही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना वाटलं, काय सोंग आणलंय बाईनं! बा कापासा काठीवर वाकून खोकेपर्यंत हसले. आणि म्वेन्या, तिचं तोंड आधी वाकडं झालं, मग ती मोठ्यानं हसली, आणि हसता हसता तिचा हंबरडा फुटला. बायांनी तिला कवेत घेतलं. "रडली! रडली पोरगी!" म्हणत त्या स्वतःही रडायला लागल्या.

मला लठ्ठ तपकिरी कोंबडी दिली. पाय बांधून हातात दिली. मी बाजूला झाले आणि पेटी खाली गेली. परत येताना लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते. असं मुनुंग्वेपण आम्ही कधी पाहिलं नाही, असं आमच्याच कुळातला एक म्हातारा मला म्हणाला.

कोंबडी मी सोडून दिली. दोन दिवस ती अंगणात फिरत होती, मग कुणी तरी नेली असावी.

म्वेन्या आठवडाभर राहिली. घर आवरलं, भांडी वाटली. ती आता खात होती, झोपत होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी नक्कल करून दाखवत होती. कित्वेला परत जाण्याच्या दिवशी मी तिला रस्त्यापर्यंत पोहोचवायला गेले. थांब्यावर आम्ही दोघीच होतो. मी ठरवून गेले होते. मी तिची पिशवी खाली ठेवली, तिचे दोन्ही हात धरले आणि आवाज खाली आणून म्हटलं, "म्वेन्या, बाळ, त्या दिवशी मी बोलले ते सगळं खरं होतं. ती थट्टा नव्हती. मला माहीत होतं आणि मी टोपली काढून घेतली नाही. तू मला काय वाटेल ते बोल. पण हे खरं आहे असं मान."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता. मग तिच्या ओठांचे कोपरे थरथरायला लागले.

"मावशी, पुरे हो! आता बसमध्येसुद्धा हसवत पाठवणार का?"

"देवाशपथ सांगते."

"आई म्हणायची, पावसानं शपथ घेतली की नक्की ऊन पडणार." तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. आमच्यात कूळ आईकडून येतं, म्हणजे तीही अळंबीचीच. हे मला माहीत होतं, तरी मी आशा धरली होती. "तुम्ही नसतात ना, तर मी त्या दिवशी आईबरोबरच गेले असते. इथून पुढे आईच्या जागी मी. मला शिव्या घालत जा."

बस आली. ती चढली आणि खिडकी उघडून बाहेर वाकली. मी खिडकीबरोबर चार पावलं चालत गेले आणि पुन्हा म्हटलं, "म्वेन्या, मी मारलं तिला." बसमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती हसली, आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "आमच्या मुनुंग्वे आहेत."